डॉक्टर थर्स्बींचा पिवळा रुमाल

डॉक्टर थर्स्बींनी आमच्या शहराचा सत्यानाश करणारा तो पिवळा रुमाल मैदानावर टाकला, तेव्हा माझ्या खालच्या डाव्या दाढेत त्यांच्याच हातचं तात्पुरतं सिमेंट होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही केलं ते दाढदुखीच्या भरात केलं असं कोणी म्हणायला नको. दाढ नंतर दुखली. आधी मन दुखलं.

आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले बरेचसे पंच पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करतात. कोणी वकील असतो, कोणी शाळेचा मुख्याध्यापक. आठवडाभर चारचौघांसारखे वावरतात आणि रविवारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून सत्तर हजार लोकांच्या शिव्या खातात. आमच्या पोर्ट हार्लनचे दंतवैद्य अल्विन थर्स्बी हे त्यातलेच एक. गावातले म्हणून लीग त्यांना आमच्या स्टोकर्स संघाच्या सामन्यांना कधी पाठवत नसे. पण जानेवारीतल्या त्या शेवटच्या सामन्याला नेमलेला पंच शिकागोच्या विमानतळावर बर्फात अडकला आणि डॉक्टर घरून वीस मिनिटांत गाडी हाकत स्टेडियमवर हजर झाले. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत ही या खेळातली एक मोठी उणीव आहे.

सामना संपायला एक मिनिट चौदा सेकंद होते. आम्ही तीन गुणांनी मागे. आमच्या गड्याने चेंडू घेतला आणि साठ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू त्यांच्या टोकाच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळवले. मी शेजारच्या रॉस्को टिबेटला मिठी मारली. रॉस्को आमच्या गल्लीतला निवृत्त पोस्टमन. त्याच्या दारातलं बर्फ माझ्या दारात कसं येतं यावरून आमची एकोणीस वर्षं धुसफूस चालू आहे, तरीही मारली. मिठी सुटायच्या आत रॉस्को माझ्या कानात म्हणाला, "एर्नी, रुमाल पडलाय."

पंचाने दोष पकडला की तो पिवळा रुमाल टाकतो. डॉक्टरांनी आमच्या चौऱ्याहत्तर नंबरच्या राखणदाराने समोरच्याला धरलं असा दोष दिला होता. टचडाउन रद्द. सामना गेला, हंगाम गेला, आणि रॉस्कोला मारलेली मिठी तेवढी जमेला राहिली.

आता हे धरणं म्हणजे काय ते सांगतो. राखणदाराचं काम समोरच्या माणसाला थोपवायचं. हाताने ढकललं तर चालतं, पकडलं तर दोष. पण खरं सांगायचं तर प्रत्येक डावात दहाबारा अगडबंब माणसं एकमेकांना लग्नातल्या पाठवणीसारखी बिलगलेली असतात. सगळ्यांवर रुमाल टाकायचा म्हटलं तर रविवारचा सामना बुधवारी संपेल. म्हणून पंच काही पकडतात, काही सोडतात. कुठलं पकडायचं आणि कुठलं सोडायचं, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. त्याच सामन्यात दहा मिनिटं आधी त्यांच्या राखणदाराने आमच्या माणसाच्या सदऱ्याची गळपट्टी अशी धरली होती की दुकानात कापडाचा पोत बघतोय असं वाटावं. तेव्हा रुमाल नाही.

दुसरा कोणी असता तर चार शिव्या घालून झोपला असता. पण मी कौंटीच्या वजनमापे खात्यातला निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं मी पेट्रोलचे पंप आणि दुकानांतले काटे तपासतोय. एक पौंड हॅम धर्मगुरूने घेतलं तरी एक पौंड भरलं पाहिजे आणि चोराने घेतलं तरी एक पौंडच. जो काटा एकाच मालाची दोन वजनं दाखवतो त्याला मी लाल चिठ्ठी लावतो, मग तो काटा कितीही प्रेमळ माणसाचा असो. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत हा प्रकार घडला.

"लेखी पाहिजे," दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात रॉस्को म्हणाला. "तोंडी तक्रारीला कुत्रं विचारत नाही. मी एकतीस वर्षं पोस्टात होतो. कागद असला की माणसाला घाबरावंच लागतं."

"आणि त्यावर सह्या पाहिजेत," लोर्ना हालोरनबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. लोर्नाबाई आमच्या चर्चच्या हॉलच्या कारभारीण. गावात कोणाच्या नावाने अर्ज करायचा असला की मजकूर त्यांचा. "चर्चच्या हॉलचा शिक्का मारून पाठवू. डॉक्टर थर्स्बींना पंचपदावरून काढा, आमच्या शहराचा त्यांच्यावर विश्वास राहिलेला नाही. पण पुरावा लागेल हो एर्नी. नुसती रडगाणी नकोत."

पुरावा हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात सरकारी नोकर संचारला. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गेल्या हंगामात डॉक्टर पंच असलेल्या सामन्यांतला प्रत्येक संशयित डाव तपासून मी एक रजिस्टर तयार करीन. माझी बायको डोरिन खिडकीतून हे ऐकत होती. तिने खिडकी लावून घेतली.

सुरुवातीला लीगला थेट लिहून बघितलं. लीगच्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज होता, आणि त्यात तक्रारीचा विषय निवडायची यादी होती. तिकीट, वाहनतळ, स्वच्छतागृह, खाद्यपदार्थ, इतर प्रेक्षकांचं वर्तन. पंच हा विषयच नव्हता. विषय न निवडता अर्ज पुढे जाईना. शेवटी मी 'खाद्यपदार्थ' निवडून चौऱ्याहत्तर नंबरवर झालेल्या अन्यायाची चार पानी हकिगत लिहिली. आठ दिवसांनी उत्तर आलं की आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सोबत एका हॉट डॉगचं कूपन जोडलं आहे, मोहरीची चटणी त्यात धरलेली नाही.

रजिस्टर मग अटळच झालं. तळघरात मी टीव्हीसमोर सोफा सरकवला, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, रकाने आखले: क्रमांक, सामना, राखणदार, हाताची जागा, किती वेळ धरलं, निर्णय. रेकॉर्डरमध्ये हंगामातले डॉक्टरांचे सगळे सामने साठवलेले होते असा माझा समज होता. त्यातले चार सामने डोरिनने पुसून त्या जागी केक बनवण्याच्या स्पर्धेचे भाग भरले होते. त्यामुळे ऑक्टोबर महिन्याचे सामने मला क्रीडावाहिनीच्या 'सप्ताहातले निवडक क्षण' या कार्यक्रमातून तुकड्यातुकड्यांनी गोळा करावे लागले. हे तुकडे पुढे माझ्या मुळावर येणार होते, पण तेव्हा मी डोरिनलाच नावं ठेवत होतो.

तपासणी समितीत मी, रॉस्को आणि लोर्नाबाई. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की रॉस्कोला समितीत घेऊन चूक झाली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा त्याचा न्याय. आमच्या राखणदाराने समोरच्याच्या गळ्यात हात टाकून त्याला गवतावर निजवलं, तर हा म्हणतो, "पाय घसरला त्याचा."

"रॉस्को, हात बघ कुठेय."

"सावरायला धरलंय. माणुसकी म्हणून."

लोर्नाबाईंचं याच्या उलट. त्यांना सगळेच दोषी दिसत. एकदा त्यांनी चेंडू घेऊन पळणाऱ्यालाच दोषी ठरवलं. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्याची नजर मला बरी वाटली नाही."

मग मी समिती बरखास्त केली आणि निर्णयाचा अधिकार एकट्याकडे घेतला. नियम पक्के केले. पंजा छातीच्या चौकटीबाहेर आणि पकड एक सेकंदाहून जास्त, तर दोष, नाहीतर निर्दोष. कोणाचा संघ ते कळू नये म्हणून टीव्हीचे रंग काढून टाकले. हातात थांबवायचं बटण, शेजारी चहा, पायात लोकरीचे मोजे. पाच आठवड्यांत मी दोनशे बारा नोंदी केल्या. निष्कर्ष असा निघाला की जे धरलं त्यातल्या जेमतेम चौथ्या भागावर रुमाल पडला, आणि कुठल्या चौथ्या भागावर, याचा देवालाही हिशेब लागत नाही. मी धन्य झालो. डोरिनला रजिस्टर दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. अक्षर सुधारलंय तुझं."

बातमी गावभर झाली. पेट्रोलपंपावर मी काटा तपासायला गेलो की मालक आधी रजिस्टरचं विचारायचा. चर्चमध्ये लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. लोर्नाबाईंनी अर्जाचा मसुदा केला आणि ठरलं की ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतल्या तिसऱ्या शुक्रवारी, चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं तेव्हा, मी रजिस्टर वाचून दाखवायचं, हात वर करून मतं घ्यायची, आणि बहुमत झालं तर शिक्का मारून अर्ज लीगकडे. लीगला गावोगावचे अर्ज रोज येत असतील, पण पंचाच्या स्वतःच्या गावाचा, शिक्क्यासकट, दोनशे बारा पुराव्यांसह, असा अर्ज आजवर गेला नसणार. डॉक्टर त्यातून सुटणार नाहीत याची मला खात्री होती.

त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी दाढेतलं सिमेंट निघालं. डोरिनने केलेल्या पिरोगीत निघालं. पिरोगी म्हणजे बटाटा भरलेली उकडलेली करंजी. त्यात दाताला लागण्यासारखं काही नसतं, पण वेळ आली की बटाटासुद्धा दगड होतो. डॉक्टरांकडे जायचं नाही हा माझा बाणा. चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या दंतवैद्याकडे फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही आमचे जुने रुग्ण आहात का?" नाही म्हटलं. "मग नवीन रुग्णाचा अर्ज भरा, आधीच्या डॉक्टरांकडून कागदपत्रं मागवा, त्यांची सही आणा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बघू." म्हणजे थर्स्बींना सोडून जायला थर्स्बींचीच सही लागत होती. रॉस्कोने लवंग धरायला सांगितली. लोर्नाबाईंनी मीठ सांगितलं आणि शिवाय प्रार्थना सांगितली. बुधवारी सकाळपर्यंत माझा बाणा निम्म्यावर आला होता आणि गाल दुप्पट झाला होता.

थर्स्बींचा दवाखाना म्हणजे एरवी बसायला जागा मिळायची नाही. त्या दिवशी मी आत गेलो तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. काचेच्या टाकीतले मासे तेवढे फिरत होते. टेबलामागे बसणाऱ्या ओडेटबाईंनी मान वर केली.

"एर्नी पावलाक ना? बसा कुठेही. हवी ती खुर्ची घ्या. दोन खुर्च्या घेतल्यात तरी चालेल."

"गर्दी नाही आज?"

"जानेवारीपासून नाहीये. सगळ्यांचे दात एकदम सुधारले गावातले." त्या माझ्या गालाकडे बघत राहिल्या. "तुमचे राहिले वाटतं सुधारायचे."

मी माशांकडे बघितलं. आपण एका माणसाच्या तोंडचा घास काढतोय हे रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात आलेलं नव्हतं.

डॉक्टर आले. उंच, सावकाश चालणारा, साठीतला काळा माणूस. आवाज कधी वर चढत नाही. त्यांनी काही विचारलं नाही. खुर्ची मागे केली, दिवा पुढे ओढला, सुई टोचली आणि माझ्या तोंडात कापूस, नळी आणि एक आकडा अशी सामग्री भरली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा. मग ते कोरता कोरता बोलू लागले.

"तुझं रजिस्टर चांगलं झालंय म्हणे."

"आँ," मी म्हणालो.

"त्या सामन्यात माझ्या दोन चुका होत्या. त्या आल्यात का त्यात?"

मी डोळे मोठे केले. तेवढाच अवयव मोकळा होता.

"चौऱ्याहत्तरने धरलं होतं. ते बरोबर होतं. मी तीन फुटांवर होतो, सदऱ्याची शिवण उसवताना ऐकली. चुका दुसऱ्याच. दुसऱ्या सत्रात त्यांच्या माणसाला मी दोष दिला, तो द्यायला नको होता. त्यावर तुम्हाला तीन गुण मिळाले. आणि तिसऱ्या सत्रात तुमच्या अठ्ठावन्न नंबरने माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि मी रुमालाला हातच घातला नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. लीगमध्ये प्रत्येक डाव बघून आम्हाला गुण देतात. या दोन्हींचे माझे कापले. कापायलाच हवे होते. तोंड उघड, आणखी."

मी आणखी उघडलं. त्या दोन्ही चुका आमच्या फायद्याच्या होत्या, आणि माझ्या रजिस्टरात त्यांतली एकही नव्हती.

"आणि ती गळपट्टी," ते म्हणाले. "ती मैदानाच्या पलीकडे होती. तिथे दुसरा माणूस उभा असतो. आम्ही सात जण, प्रत्येकाचे आपापले दोन-तीन गडी. मी त्या वेळी माझ्याकडचे बघत होतो. दुसऱ्याच्या कोपऱ्यात डोकावलो तर माझा कोपरा सुटतो. लोक पडद्यावर सगळं मैदान बघतात, म्हणून त्यांना वाटतं आम्हीही बघतो."

हे सगळं ते जराही न चिडता, माझ्या दाढेला बोलल्यासारखे बोलत होते. तेवीस वर्षं शाळेच्या मैदानांवर चिखलात उभे राहून मग ते लीगमध्ये पोचले होते. शुक्रवारच्या अर्जाने ते सगळं जाणार होतं, शिवाय दवाखाना जाणारच होता. आणि ज्याच्या वहीमुळे ते जाणार तो माणूस तोंड वासून त्यांच्यासमोर पडला होता, हातात कोरणी त्यांच्या. मला दुखलं नाही. एकदाही दुखलं नाही. मला या माणसाचा विलक्षण आदर वाटला आणि त्याचा रागही आला, कारण आदर वाटायची ही वेळ नव्हती.

निघताना मी बधिर ओठांनी विचारलं, "शुक्रवारी याल?"

"मासे खायला येतो की दर शुक्रवारी," डॉक्टर म्हणाले. "उजव्या बाजूने चाव तोवर."

घरी येऊन मी त्या दोन चुका शोधायला पुन्हा पडद्यासमोर बसलो. डोरिन शेजारी लोकर विणत बसली होती. मी एकेक नोंद आणि तिचा डाव पडताळत चाललो होतो. एकशे एकाहत्तरावर आलो तेव्हा ती सुई न थांबवता म्हणाली, "हा मघाशी पडला होता ना?"

"कोण?"

"हा, पांढरे हातमोजे, एकाच पायात लांब मोजा. मघाशी असाच पडला. त्याच्यामागे तो छत्रीवाला माणूस पण होता."

मी मागे गेलो. अडतिसावी नोंद. पांढरे हातमोजे, एका पायात लांब मोजा, मागे छत्रीवाला. तोच डाव. एकदा सप्टेंबरच्या मूळ सामन्यातून घेतलेला आणि एकदा त्या 'निवडक क्षणां'च्या तुकड्यातून, जिथे तो पुन्हा दाखवला होता, रंग दोन्हीकडचे काढलेले, म्हणून मला ओळखू आला नव्हता. अडतिसाव्या नोंदीत माझ्या सुधारलेल्या अक्षरात लिहिलं होतं: दोष, पकड दीड सेकंद. एकशे एकाहत्तराव्यात: निर्दोष, पकड नाही.

मी दोन्ही चार वेळा बघितले. मग चष्मा पुसून बघितले. बटण हातात होतं, चहा शेजारी होता, सत्तर हजार माणसं ओरडत नव्हती, अंगावर तीनशे पौंडांचा गडी कोसळत नव्हता. पाच आठवडे मी उंटावरून शेळ्या हाकत होतो आणि माझी मलाच शेळी ओळखता आली नव्हती.

"एखादीच नोंद आहे," मी डोरिनला म्हणालो. "दोनशे बारातली एक. एकशे एकाहत्तर फाडून टाकली तर दोनशे अकरा राहतात. तेही कमी नाहीत."

डोरिनने विणकाम मांडीवर ठेवलं. "खाटकाच्या काट्यावर तेच मटण दोनदा ठेवलं आणि दोन वजनं आली, तर तू काय करतोस?"

"लाल चिठ्ठी लावतो."

"तो म्हणतो, एकदाच चुकला हो साहेब."

"सगळेच म्हणतात तसं," मी म्हणालो, आणि रजिस्टर मिटलं.

शुक्रवारी हॉल खच्चून भरला होता. तळलेल्या माशांचा वास, कोबीची कोशिंबीर, कागदी ताटल्या. डॉक्टर थर्स्बी मागच्या भिंतीजवळ एका लांब टेबलाशी बसले होते. त्या टेबलाभोवती बारा खुर्च्या होत्या आणि अकरा रिकाम्या होत्या. लोर्नाबाईंनी घंटा वाजवली, अर्ज वाचला, आणि मला व्यासपीठावर बोलावलं. एवढ्या टाळ्या मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत मिळाल्या नव्हत्या. काटे तपासणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

"दोनशे बारा नोंदी आहेत," मी म्हणालो. "त्यातल्या अडतीस आणि एकशे एकाहत्तर एवढ्या दोनच वाचतो." वाचल्या. "हे दोन्ही एकाच डावाचे निकाल आहेत. एकदा मी दोष दिला, एकदा सोडलं. सोफ्यावर बसून. थांबवून. चार-चारदा मागे नेऊन." मग खिशातून खात्याची लाल चिठ्ठी काढली आणि रजिस्टरच्या हिरव्या पुठ्ठ्यावर चिकटवली. "हे माप खोटं आहे. यावर कोणाला तोलू नका."

टाळ्या नाहीत. कोणीतरी मागून म्हणालं, "मग पाच आठवडे काय केलंस रे?" मी म्हणालो, "अक्षर सुधारलं." आणि खाली उतरलो. रॉस्कोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रजिस्टर गेलं खड्ड्यात," तो उठून म्हणाला. "टचडाउन गेला तो गेलाच ना? मतं घ्या."

मतं घेतली. अर्जाच्या बाजूचे हात वर, मग विरुद्ध. रॉस्कोने मोजले तर बाजूने पंचेचाळीस, विरुद्ध त्रेचाळीस. लोर्नाबाईंनी मोजले तर बाजूने त्रेचाळीस, विरुद्ध चव्वेचाळीस. पुन्हा मोजले, तर दोघांचेही आकडे बदलले, तेही वेगवेगळ्या दिशांनी. खांबामागे कोण, लहान मुलांचे हात धरायचे का, ज्याने दोन्ही वेळा हात वर केला त्याचं काय, यावरून रणं माजली. आमचे फादर कासिमिर शांत माणूस, ते म्हणाले, "गर्दीत उभं राहून नेमकं बघायची सवय असलेला एकच माणूस आहे इथे. डॉक्टर, तुम्ही मोजाल का?"

डॉक्टरांनी रुमालाला हात पुसले, उठले, मधल्या वाटेत येऊन उभे राहिले. "अर्जाच्या बाजूने," म्हणाले. हात वर गेले. ते एकेका रांगेवरून नजर फिरवत गेले, खांबाला वळसा घालून आले. "विरुद्ध," म्हणाले. माझा हात वर होता. माझ्या हातावरून त्यांची नजर इतरांच्या हातांवरून गेली तशीच गेली, एक निमिष जास्त नाही.

"बाजूने चव्वेचाळीस," ते म्हणाले. "विरुद्ध त्रेचाळीस. अर्ज मंजूर."

सगळ्यांना कळायला जरा वेळ लागला. मग खिडकीजवळच्या झेलिंकाआजी उभ्या राहिल्या. त्या नव्वदीच्या आहेत. "डॉक्टर, माझा हात मोजलात का हो? पहिल्यांदा वर होता तो?"

"मोजला."

"अहो, मी कोशिंबीर मागत होते."

"हात खांद्याच्या वर होता," डॉक्टर म्हणाले. "कशासाठी होता ते मी ठरवत नाही."

"पण मी सांगत्येय ना."

"आता सांगताय. निकाल दिल्यावर."

आणि मग हॉल पेटला. आम्ही त्रेचाळीस तर ओरडणारच होतो, पण बाजूचे चव्वेचाळीसही ओरडू लागले. चुकीचा निकाल, म्हणे. आजीबाईंचा हात धरता येत नाही. फोनवर चित्रण आहे, ते बघा. सगळ्यांत मोठा आवाज रॉस्कोचा. खुर्चीवर चढून तो डॉक्टरांना सांगत होता, "आंधळे आहात का? कोशिंबिरीचा हात होता तो. शेंबड्या पोराला कळेल." महिनाभर या माणसाला काढा म्हणून गावभर फिरलेला रॉस्को, त्याला वाचवण्यासाठी त्याच्यावर खेकसत होता. मीही ओरडलो. जन्मात कधी कुठल्या पंचावर इतक्या मनापासून ओरडलो नव्हतो.

डॉक्टर तसेच उभे होते, हात मागे बांधून. आवाज जरा ओसरल्यावर म्हणाले, "अशा निर्णयाला फेरतपासणी नसते. फादर, आकडे लिहून घ्या." फादरांनी लिहून घेतले. लोर्नाबाईंनी शिक्का मारला. शिक्का तिरका पडला. त्यांनी अर्ज पाकिटात घातला आणि टपालाचा म्हणून रॉस्कोकडे दिला.

रॉस्को खुर्चीवरून उतरला. पाकीट दिव्याखाली धरून त्याने पत्ता वाचला, एकदा, दोनदा. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एक पत्र गहाळ झालं नव्हतं, हे तो आम्हाला दर नाताळात सांगतो.

"पत्ता अपुरा आहे," तो म्हणाला. "रस्ता लिहिलेला नाही. असं पत्र पोस्ट स्वीकारत नाही. पाठवणाऱ्याला परत." आणि त्याने ते लोर्नाबाईंच्या हातात ठेवलं.

"रस्ता मला ठाऊक आहे की," लोर्नाबाई म्हणाल्या.

"ठाऊक असून चालत नाही. लिहिलेला पाहिजे. लिहिणार आहात?"

लोर्नाबाईंनी पेन शोधलं. पेन त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होतं, आम्हा सगळ्यांना दिसत होतं. "सापडत नाहीये," त्या म्हणाल्या.

डॉक्टर तेवढ्यात आपली रिकामी ताटली घेऊन माशांच्या खिडकीकडे निघाले होते. खिडकीपुढची रांग त्यांना बघून दोन्ही बाजूंना सरकली, वाट मोकळी झाली. डॉक्टर थांबले. "रांग आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि चालत मागे जाऊन सगळ्यांत शेवटी उभे राहिले. रॉस्कोचं जेवण केव्हाच झालं होतं, पण त्याने एक कोरी ताटली उचलली आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मग झेलिंकाआजी, कोशिंबिरीसाठी. मग लोर्नाबाई. मला जरा उशीर झाला. माझा नंबर डॉक्टरांच्या मागे सतरावा होता.